रविवारची तरुण मंडळी

आमचा उद्धव घरातही रेडिओसारखा बोलतो. जेवायला बसला की ताटाकडं बघून म्हणतो, "आई, आज आपल्यासमोर वांग्याची भाजी आहे." अरे, दिसतीय ना मला. मीच केली. मग पहिला घास घेऊन सुनेला विचारतो, "या भाजीविषयी आपलं मत काय?" ती बिचारी तव्यावरची भाकरी उलटायची सोडून त्याच्या तोंडाकडं बघत राहते. एकदा त्याचा धाकटा जिन्यावरून पडला, गुडघा फुटला, तर हा त्याच्याजवळ बसून म्हणे, "बाळ, नेमकं काय घडलं ते सविस्तर सांग." मी जाऊन आधी पोराला उचललं, मग ह्याला बोलले. ह्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "सूचनेबद्दल आभारी आहे."

अशा माणसाला काय म्हणायचं? बरं, हा काही रेडिओवर नोकरीला नाही. कुठंच नोकरीला नाही. रानं कंपन्यांच्या घशात गेली, राहिलेल्या तुकड्यावर आम्ही खोल्या काढल्या, त्यात लातूर-बीडकडची कामाला आलेली पोरं राहतात. त्यांच्याकडून भाडं घेणं आणि नवजवान श्रोता मंडळ चालवणं, हे ह्याचे दोन उद्योग. पहिल्या उद्योगाची त्याला लाज वाटते. दुसऱ्याची पाटी दारावर आहे.

हे मंडळ काय, ते सांगते. पुण्याच्या रेडिओवर तरुणांसाठी आठवड्याला अर्धा तास 'उगवती' नावाचा कार्यक्रम लागतो. तो ऐकायला त्यांनी गावोगाव मंडळं काढायला लावली. आमच्या पिंपळे गुरवला ग्रामपंचायतीनं चावडीशेजारची खोली दिली, एक मोठा लाकडी रेडिओ दिला. पोरांनी जमायचं, ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, आणि काय बोलणं झालं ते निमंत्रकानं पुण्याला कळवायचं. पुण्याची माणसं कधी कधी मशीन घेऊन गावात येत, पोरांचं बोलणं त्यात भरून नेत. उद्धव पहिल्यापासून निमंत्रक. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. आता त्याचा थोरला नववीत आहे.

पहिल्यांदा रेडिओवर त्याचा आवाज आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "पिंपळे गुरवहून उद्धवराव आपल्याशी बोलत आहेत," असं ती बाई म्हणाली. उद्धवराव! मी तव्याकडं पाठ करून बसले, भाकरी जळून काळी झाली. संध्याकाळी सगळ्या आळीला गूळ वाटला. गावातल्या देशपांड्यांच्या घरात शिकलेल्यांची रांग होती, पण त्यांच्यातला एक तरी बोलला होता का त्या डबड्यातून? माझा बोलला. मी मान वर करूनच चालायचे, आजही चालते, मान दुखते तरी.

तेव्हा खोली भरायची. पोरं खिडकीत बसायची, चावडीच्या पायऱ्यांवर बसायची. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी असायचा. पुण्यातल्या लोकांना हे कळत नाही, पण आमच्याकडं सुट्टी गुरुवारची. वीज पुरत नाही म्हणून सरकारनं वार वाटून दिलेत, आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना गुरुवार आला. दत्ताच्या वारी मटण शिजायला लागलेली घरं मी ह्याच गावात बघितलीत. करतील काय, बाप घरी असायचा तो तेवढाच दिवस. तर गुरुवारी पोरं न्हाऊन, भांग पाडून यायची. रेडिओ बंद झाल्यावर भांडणं सुरू व्हायची. बोनस, कबड्डी, नाटकात बाईचं काम कुणी करायचं, आयटीआयला कुठला ट्रेड धरावा. एकमेकांच्या अंगावर जायची आणि शेवटी सगळी मिळून भेळ खायची.

मग दोन वर्षांमागं कार्यक्रम रविवारी दुपारचा झाला. "वरून ठरलं," असं उद्धव म्हणाला. वरून पाऊसही ठरतो, म्हणून आम्ही काही विचारलं नाही.

रविवारी दुपारी पहिल्या पाळीचा कंपनीत, दुसऱ्या पाळीचा डबा भरून निघालेला, रातपाळीचा तोंडावर चादर घेऊन घोरत पडलेला. येणार कोण? मी येते. शेजारची रहिमाबी येते, तिच्या फारूकचं बसथांब्याजवळ गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिचा अडकित्ता बरोबर असतो. नानासाहेब येतात, तलाठी होते, आता एका कानानं ऐकतात. आणखी दोन-तीन म्हातारी, ज्यांना सुना दुपारी घरात थारा देत नाहीत. असे आम्ही नवजवान.

मी तांदूळ निवडते. उद्धव बटण फिरवतो. डबड्यातून एक पोरगी गोड आवाजात म्हणते, "तरुण मित्रमैत्रिणींनो!"

रहिमाबी म्हणते, "बोल बेटी."

मग कुणी प्रोफेसर सांगतो की तरुणांनी फावल्या वेळात मधमाश्या पाळाव्यात. एकदा एक बाई सांगत होती की सुट्टीच्या दिवशी मित्रांनी मिळून किल्ल्यावर जावं, झाडांची नावं टिपून आणावीत. सांगते ते वाईट नाही. चांगलंच सांगतात. पण कुणाला सांगतात ते मला कळत नाही. ज्याला फावला वेळ आहे असा तरुण आमच्या गावात मी बघितला नाही, आणि एखादा असलाच तर त्याचा बाप त्याला काठीनं शोधत असतो.

अर्धा तास झाला की उद्धव उभा राहतो आणि विचारतो, "तर मंडळी, या विषयावर तरुणांना काय वाटतं?"

"बराबर हाय," नानासाहेब म्हणतात. त्यांनी काही ऐकलेलं नसतं.

"आणि मधमाश्यांविषयी?"

"चावत्यात," मी म्हणते.

हे पुण्याला जातं.

माझी नात शालन ह्यातलं काही ऐकते तेव्हा पोट धरून हसते. शालन माझ्या थोरल्या भीमराजची. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, पिंपरीत रेडिओच्याच कंपनीत लागलेली. पट्ट्यावर बसून रेडिओच्या पोटात बारीक तारा जोडते. मी एकदा तिला म्हटलं, "बाई गं, तू तरुण, कार्यक्रम तरुणांचा, रेडिओ तू केलेला. गुरुवारी घरी असतीस तवा दुसरं कायतरी ऐकतीस, आन् तुझ्या चुलत्याचा कार्यक्रम म्हातारी मी ऐकते. ही कुठली तऱ्हा?"

"आजी, लागतो कधी त्यो? रविवारी. मी असते कुठं? पट्ट्यावर." ती म्हणाली. "आन् असते तरी काय ऐकलं असतं गं? त्यात आमचं कोण बोलतं? बस मिळत न्हाई, शिफ्ट सुटल्यावर पोरी गेटवर ताटकळत्यात, सुपरवायझर कसा बोलतो, हे कोण सांगतं का तिथं? त्यापरीस सिलोनची गाणी बरी. ती निदान शाणपण शिकवत न्हाईत."

"चुलत्याला सांग की मग."

"सांगितलं हुतं. तात्या म्हणाले, विषय नोंदवून घेतला आहे."

शालनची नोकरी टेंपरवारी होती. सहा महिने भरले, एकही खाडा झाला नाही, तर परमनंट करतात. मधे नाव खराब झालं की घरी बसवतात, पुन्हा बोलावलं तर पहिल्यापासून सुरुवात. तिचा शेवटचा महिना चालला होता. अंगात ताप असताना गेली, मैत्रिणीच्या हळदीला नाही गेली. भीमराजनं एक स्थळ आणलं होतं, तिनं बापाला सांगितलं की परमनंट झाल्याशिवाय कुणाला पोहे करून देणार नाही. आमच्या सात पिढ्यांत बाईमाणसानं परमनंट काही मिळवलं नव्हतं, एक कपाळाचं कुंकू सोडलं तर, आणि तेही परमनंट नाही हे मला विचारा. म्हणून मी भीमराजला गप्प बसवला.

अशात उद्धव एका संध्याकाळी आला, चप्पल काढायचंही भान नाही.

"आई, पुण्याहून साहेब येणार आहेत. मशीन घेऊन. रविवारी."

"येऊ द्यात. चहा करू."

"तसं नाही आई. गावोगावचे तरुण हा कार्यक्रम ऐकतात की नाही, तो त्यांच्या उपयोगाचा राहिला आहे की नाही, हे ते बघणार आहेत. जिथं तरुण नाहीत तिथलं मंडळ बंद होणार." एवढं बोलून त्याची रेडिओची भाषा गळाली. "मला पोरं पायजेत गं. शालन, तू रविवारी कामावर जाऊ नगस. तुझ्या चार मैत्रिणी बी आण. काय बोलायचं ते मी सांगतो."

शालन भांडी लावत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "न्हाई जमायचं, तात्या. ह्या महिन्यात एक खाडा झाला तर माझं समदं पाण्यात."

"एका दिवसानं काय हुतंय?"

"तुमास्नी न्हाई कळायचं. तुमी कधी कार्ड पंच केलंय का?"

"शालन!" मी म्हटलं. चुलता आहे शेवटी. पण तिचं खोटं नव्हतं. उद्धवला सांगितलं, "पोरगी कामावर जाईल. हे माझं सांगणं हाय. तू दुसरी पोरं बघ."

तो उंबऱ्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांत घातले. लहानपणी परीक्षेत नापास झाला होता तेव्हा असाच बसला होता.

"मंडळ बंद झालं तर मी कोण, आई? खोल्यांचा मालक? भाडंवाला?"

पीठ मळायचं राहिलं होतं. मी उठून आत गेले.

त्या आठवड्यात त्यानं खोल्यांमधल्या पोरांच्या मागं भुंगा लावला. एकाला सोडायचा नाही. रातपाळी करून झोपलेल्या एका पोराच्या अंगावरची चादर ओढून म्हणे, "मित्रा, तरुणांनी विचार व्यक्त केले पाहिजेत." त्या पोरानं डोळे न उघडता हात जोडले. "मालक, भाडं वाढवा, पण झोपू द्या."

रविवार आला. ऊन असं की चावडीपुढचं कुत्रंही सावली सोडून हललं नाही. जीप आली. साहेब उतरले, मला वाटलं होतं कुणी सुटाबुटातला रुबाबदार असेल, तर हे आमच्या भीमराजएवढे, पिकलेले, खांद्याला झोळी, डोळ्यांखाली काळं. त्यांच्याबरोबर मशीनवाला. त्यांनी खोलीत डोकं घातलं आणि आमच्याकडं बघितलं. मी, रहिमाबी, नानासाहेब, मागं तीन म्हातारी. रहिमाबीनं अदबीनं अडकित्ता पदराखाली लपवला.

"नमस्कार," साहेब म्हणाले. "आणि तरुण श्रोते?"

"येत आहेत साहेब. निघालेच आहेत," उद्धव म्हणाला आणि चहा सांगितला. चहा झाला. परत चहा सांगितला. मशीनवाल्यानं वायरी जोडल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. उद्धव "आलोच हं" म्हणून बाहेर गेला, बसथांब्याच्या दिशेला. आला तेव्हा सदरा घामानं चिकटला होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं, उन्हानं.

साहेबांना रिकामं बसवेना. त्यांनी तो माइक माझ्यापुढं धरला.

"आजी, तुम्ही दर रविवारी येता?"

"येते की. चुकवत न्हाई."

"कार्यक्रमात काय आवडतं तुम्हाला?"

"तरुणांनी पहाटे उठावं असं तुमी सांगता, ते आवडतं. आमी उठतोच. तुमी ज्यांना सांगता ती तवा कंपनीतून येत असत्यात."

मशीनवाल्यानं डोळे उघडले. साहेब हसले, पण थकून हसले. "गावातले तरुण का येत नाहीत, आजी? कार्यक्रम आवडत नाही त्यांना? खरं सांगा. मी पुण्यात बसून हेच विचारतोय सगळ्यांना, आणि मला सगळीकडून एकच उत्तर येतं, की कार्यक्रम फार उपयुक्त आहे."

"आवडायला आधी ऐकाय नगं का? रविवारी कसं यायचं त्यांनी? सुट्टी गुरुवारची."

साहेबांनी कप खाली ठेवला. "गुरुवारची?"

"समद्या पट्ट्यात. पिंपरी म्हणू नका, चिंचवड म्हणू नका, भोसरी म्हणू नका. रविवारी आमच्याकडं शाळा आन् कोर्ट बंद. बाकी समदी कामावर."

"पण आम्ही वार ठरवताना विचारलं होतं," साहेब हळूच म्हणाले. "पुण्यात सगळ्या निमंत्रकांची बैठक घेतली. कामगार तरुणांना कुठला वार सोयीचा, असं विचारलं, तर उद्धवरावच उठून म्हणाले की रविवार."

मी उद्धवकडं बघितलं. रहिमाबीनं बघितलं. नानासाहेबांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे बघतात म्हणून त्यांनीही बघितलं.

"तिथं समदीच रविवार म्हणत हुती," उद्धव म्हणाला. "सासवडवाला म्हणाला, भोरवाला म्हणाला. मला वाटलं..."

त्याला काय वाटलं ते मला पुरतं कळलं. ज्यानं कधी कंपनीचं तोंड बघितलं नाही, त्याला सगळे वार सारखेच. आणि दुसरंही एक कळलं. शेवटच्या शेवटच्या गुरुवारी पोरं त्याला म्हणायला लागली होती, तात्या, आता निमंत्रक बदलू, पाळीपाळीनं करू. रविवार झाल्यावर असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. नानासाहेब काय, सगळ्यालाच बराबर हाय म्हणतात.

मी काही बोलणार, तेवढ्यात फारूकची मोटारसायकल चावडीपुढं करकचून थांबली आणि मागून शालन उतरली. उतरली कसली, पडली. अंगात कंपनीचा निळा झगा, हातात टोपी, एका पायात चप्पल नाही. रडत आत आली. "आजी! आजी गं!" आणि मी समोर खुर्चीत बसलेली, माझ्या तोंडापुढं माइक, हातात चहाचा कप.

ती जागीच थांबली. तिच्यामागं फारूक.

"या अल्ला! चाची, तुम्ही तर बसलाय!"

"मग काय नाचू? काय झालंय मला?"

"उद्धवभाऊ गॅरेजवर आले. म्हणाले, चाची बेहोश पडल्यात, बोलत नाहीत, शालनला गेटवरून घेऊन ये. मी हातातला पाना टाकून गेलो. गेटवर वॉचमनला सांगितलं, म्हातारी जाते की राहते..." त्यानं उद्धवकडं बघितलं, मग आपल्या आईकडं.

मशीन चालू होतं. त्याची ती चाकं आपली फिरतायत, कुणाच्या लक्षात नाही.

अशा वेळी माणूस काय करेल? पाय धरेल, नाहीतर पळून जाईल. आमच्या उद्धवनं काय करावं? माझ्यापुढचा माइक उचलला आणि शालनपुढं धरला.

"आलीच हायस तर दोन शब्द बोल, पोरी. दोनच. 'उगवती' हा कार्यक्रम तुला कसा वाटतो?"

शालननं त्या माइककडं असं बघितलं की जणू ते काय आहे ते तिला ठाऊकच नाही, आणि ती तर असल्या गोष्टींच्या पोटात दिवस काढते.

"मला परत जाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या जागेवर कोण न्हाई."

साहेबांनी हात वर केला, मशीनवाल्यानं मशीन बंद केलं.

मी उठले. गुडघे वाजले. "साहेब, तुमची जीप काढा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. चांगला माणूस. मी पुढं बसले, शालन आणि रहिमाबी मागं. रहिमाबीला येऊ नको म्हटलं तर म्हणाली, "माझ्या पोराच्या तोंडून खोटं गेलंय. मी येणार." शालन दुसरी चप्पलही काढून हातात धरून बसली होती.

गेटवर मी वॉचमनला म्हटलं, "बघ माझ्याकडं. मीच ती बेशुद्ध पडलेली. शुद्धीवर आले. पोरीला आत घे."

त्यानं टाइमकीपरला बोलावलं. चष्मेवाला, मऊ बोलणारा. "आजी, तुम्ही बऱ्या आहात, आनंद आहे. पण ती पट्ट्यावरून उठून बाहेर गेली. गेटपास निघाला. आजचा खाडा लागला, आता उद्या सकाळी."

"खोटा निरोप हुता. तिचा काय दोष?"

"मी कुठं दोष देतोय? गेटपास निघाला, एवढंच म्हणतोय."

साहेबांनी पुढं होऊन आपण रेडिओचे असं सांगितलं, थोडं इंग्रजीत बोलले. टाइमकीपर म्हणाला, माझी मुलगी ऐकते तुमची गाणी. आणि गेट लावून घेतलं. मला वाटलं होतं, मी, पिंपळे गुरवची जुनी पाटलीण, दारात जाऊन उभी राहिले की दार उघडतं. आमचं रान पिंपरीच्या शिवेपर्यंत होतं, त्यातून तो रस्ता गेलाय. गजाच्या पलीकडं आमचंच रान होतं, पण वॉचमन त्यांचा होता.

शालन गजाला हात लावून आतल्या शेडकडं बघत उभी राहिली. रडली असती तर मी काहीतरी म्हटलं असतं. ती रडली नाही. घरी येऊन तिनं झगा धुतला, वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी घालून कामावर गेली.

पुढच्या रविवारी ते सगळं रेडिओवर लागलं. साहेबांनी लपवलं नाही. माझं चावडीतलं बोलणं लागलं, रविवार-गुरुवारचं लागलं, आणि मग शालनचा आवाज. "मला परत जाऊ द्या. माझ्या जागेवर कोण न्हाई." रहिमाबीचा अडकित्ता थांबला. नानासाहेबांनी विचारलं, "काय म्हणाली?" कुणी सांगितलं नाही. शालन तेव्हा पट्ट्यावर होती. गावातल्या एकाही पोरानं ते ऐकलं नाही, सगळी कामावर.

महिना संपला. तिच्याबरोबरच्या पोरी परमनंट झाल्या. शालनला सांगितलं, थोडे दिवस घरी थांबा, लागलं तर बोलावू, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मैत्रिणींनी पेढे पाठवले. तिनं सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला, आपला खाल्ला, आणि डबी धुऊन परत पाठवली. भीमराजनं त्या रात्री जेवताना तेच स्थळ पुन्हा काढलं. ह्या वेळी तिनं त्याच्या ताटात नुसती भाकरी वाढली. मीही दमले आहे बाई, बापाला किती वेळा गप्प बसवू?

उद्धव इतके दिवस घरात असून माझ्या वाऱ्याला उभा राहिला नव्हता. परवा आला. इस्त्रीचा सदरा, छाती पुढं.

"आई, एक आनंदाची बातमी आहे. कार्यक्रम पुन्हा गुरुवारी संध्याकाळी होणार! साहेबांनी वरून मंजूर करून घेतलं. आणि आपलं मंडळ चालू राहणार. आजचाच पहिला."

"बरं झालं," मी म्हटलं. खरंच बरं झालं. मी सुपातले खडे वेचत होते. शालन माझ्याजवळ बसून तेच करत होती.

"पोरांना सांगून आलोय. बरीच येणार म्हणतायत. भांडायची तयारी करून येणार, येऊ द्यात." तो हसला. मग शालनकडं बघून म्हणाला, "आणि शालनला मी घेऊन जातो. आता काय, घरीच आहे ती. साहेब म्हणाले, हिचा आवाज फार चांगला येतो मशीनवर."

शालन उठली. सूप खाली ठेवलं, पदर झटकला आणि आत गेली. दार लावल्याचा आवाजही केला नाही.

उद्धव माझ्याकडं बघत राहिला. "काय झालं हिला?"

मी त्याला हातानं खूण केली. तो माझ्यासमोर बसला.

"उद्धवा, तुझा रेडिओ पोरांच्या कामाचा हाय का न्हाई, ते मी सांगणार न्हाई आन् तू बी सांगायचं न्हाई. आज गुरुवार हाय, त्यांचं पाय मोकळं हायती. गोड लागलं तर बसतील, न्हाईतर बंद करून उठून जातील, त्यांची मर्जी. खोली त्यांच्या हवाली कर आन् घरी ये. तू तिथं बसायचं न्हाई. मला जित्तेपणी मारलंस, ते मी गिळलं. मी आज न्हाई उद्या खरंच पडणार हाय. पण त्या पोरीची जागा गेली, ती तुझ्यासमोर घरात बसलीय, आन् तुला एवढंच ऐकू आलं की तिचा आवाज चांगला येतो. नानासाहेबांचा एक कान तरी चालू हाय रं. तुझं वय झालं, उद्धवा. माझ्याआधी झालं."